वर्णभेद : घरचा प्रश्न की जगाचा?

एखाद्या देशाचे सरकार आपल्याच देशातील माणसांना कसे वागवते, याच्याशी दुसऱ्या देशाच्या सरकारला काय कर्तव्य? शेजारच्या घरात भांडण लागले की आपण आपले दार लोटून घेतो आणि 'त्यांचे ते पाहून घेतील' असे म्हणतो. परंतु त्या घरातून मार खाणाऱ्याची किंकाळी ऐकू आली, तर तेव्हाही दार लोटूनच बसावे काय? राष्ट्रांच्या दुनियेत नेमका हाच वाद गेली शंभर वर्षे चालू आहे. वर्णभेद नाहीसा करण्यासाठी सरकारांनी एकमेकांशी सहकार्य करावे, हे बोलायला सोपे आहे. पण त्या सहकार्याच्या आड प्रत्येक वेळी एकच उत्तर येत आले : 'हा आमच्या घरचा प्रश्न आहे.' हे उत्तर कोणी कोणी दिले, कधी दिले आणि आपल्या देशाने त्या बाबतीत काय केले, एवढेच आज मला सांगायचे आहे.

मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि जे थोडेफार इंग्रजी आले ते करारपत्रे व कायद्याची पुस्तके उलगडता उलगडता आले. पण ज्या बल्लारपुरात मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी बोलणारी माणसे एकाच पाळीवर एकाच यंत्रापाशी उभी राहत आली, तेथे माणसामाणसांतील भेद हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून कामगाराच्या नजरेनेच मी हा विषय मांडणार आहे.

पहिला प्रयत्न आणि साठ तासांचा आठवडा

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिसला तहाची परिषद भरली. राष्ट्रसंघाची घटना तेथे तयार होत होती. जपानने सूचना मांडली की, राष्ट्राराष्ट्रांतील समानतेचे तत्त्व त्या घटनेत घालावे व वंशावरून भेद करू नये. मतदान झाले. सतरापैकी अकरा मते सूचनेच्या बाजूने पडली. तरीही अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या विल्सनसाहेबांनी, मत एकमुखी नाही, असे कारण देऊन ती नापास ठरवली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचा तिला कडवा विरोध होता, कारण आपला देश फक्त गोऱ्यांसाठी राखायचे त्यांचे धोरण होते. सरकारांच्या सहकार्याचा श्रीगणेशा असा नकाराने झाला.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली आणि तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. या संघटनेची रचना आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी तेथे बसतात. भारतीय कामगारांच्या वतीने तेथे गेले ते आपले नारायण मल्हार जोशी. कामगार चळवळीतील माणसे ज्यांना आदराने नानासाहेब म्हणत, तेच हे. त्या परिषदेने पहिलाच करार केला तो कामाच्या तासांचा : दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण त्याच करारात एक वेगळे कलम होते. हिंदुस्थानच्या कारखान्यांत आणि खाणींत आठवडा साठ तासांचा राहील!

आता न्यायबुद्धीने बोलायचे तर त्यापूर्वी आपल्याकडे गिरण्यांत दिवसाला बारा बारा तास काम चाले, त्या मानाने साठ तास ही सुधारणाच होती. तथापि युरोपातल्या कामगाराचे शरीर अठ्ठेचाळीस तासांत थकते आणि हिंदुस्थानातल्याचे साठ तासांत, असा हिशेब जगाच्या पहिल्या कामगार करारात लिहिला गेला, ही गोष्ट विसरता येत नाही. कारखान्यांत अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्याने आपल्याला मिळाला तो १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद असताना मांडलेल्या विधेयकातून. म्हणजे मध्ये सत्तावीस वर्षे गेली.

१९४६ : भारताची फिर्याद

त्याच १९४६ सालात आणखी एक मोठी घटना घडली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तेथील हिंदी लोकांनी कोठे जमीन घ्यावी आणि कोठे राहावे यावर निर्बंध घालणारा कायदा केला. हे हिंदी लोक तेथे हौसेने गेले नव्हते. १८६० सालापासून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिट लिहून घेऊन त्यांना नाताळात नेले होते. गिरमिट म्हणजे मुदतबंदीचा करार, हे येथे ठेकेदाराकडे राबलेल्यांना सांगायला नको. कायदा होताच तेथे सत्याग्रह सुरू झाला, आणि जूनमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघाकडे फिर्याद नोंदवली. आपण अद्याप स्वतंत्र झालो नव्हतो, हे येथे विशेष.

आमसभेत भारतीय प्रतिनिधी मंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला त्यांच्यासोबत होते. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. ज्या स्मट्ससाहेबांशी गांधीजींनी आफ्रिकेत झुंज घेतली, तेच हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकात मानवी हक्कांचे शब्द यावेत म्हणून लेखणी चालवणारेही हेच. त्यांचा बचाव काय होता? सनदेच्या दुसऱ्या कलमात लिहिले आहे की, कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संघाने हात घालू नये. तेव्हा हा आमच्या घरचा प्रश्न आहे!

भारताचे म्हणणे असे की, ज्या सनदेवर तुम्ही सही केली तिच्यातच वंश, लिंग, भाषा, धर्म असा भेद न करता सर्वांचे मानवी हक्क पाळण्याचे वचन आहे. सही केल्यावर ती बाब केवळ घरची राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५ आणि तटस्थ ७. दोन तृतीयांश मते आवश्यक होती. हिशेब करून पाहा : बाजूच्या देशांपैकी एक जरी विरुद्ध गेला असता तरी ठराव पडला असता.

केवळ भाषणे करून भारत थांबला नाही. त्याच वर्षी आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. त्या काळी आपल्या निर्यातीपैकी सुमारे पाच टक्के माल तिकडे जाई, आणि त्यात तागाच्या पोत्यांचा वाटा मोठा होता. संप करणाऱ्याची मजुरी बुडते, तसेच हे आपले नुकसान सोसून केलेले काम होते.

खाणीतला वर्णभेद

दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद म्हणजे काही केवळ बाकावर वेगळे बसवणे नव्हते. त्याचे मूळ खाणीत होते, आणि खाण म्हणजे काय हे आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. तेथील सोन्याच्या खाणींत भारी पगाराची, हुन्नराची कामे गोऱ्यांसाठी राखलेली असत. १९२६ सालच्या कायद्याने अशा कामांची प्रमाणपत्रे आफ्रिकन आणि आशियाई कामगारांना मिळण्याची वाटच बंद केली. आफ्रिकन कामगाराने जमिनीखाली आयुष्य काढले, कामाची खडान्‌खडा माहिती करून घेतली, तरी कागदावर तो अकुशलच. मग मजुरी अकुशलाची, राहायला कुटुंबावाचून बराकी आणि खिशात पास. पास नसला तर तुरुंग.

येथे एक कडू सत्य सांगितले पाहिजे. हे भेद टिकावेत म्हणून १९२२ साली गोऱ्या खाण कामगारांनी संप केला होता. मालक गोऱ्यांच्या जागी स्वस्त आफ्रिकन मजूर घेऊ पाहत होते, तेव्हा 'आम्हा सर्वांना समान मजुरी द्या' असे म्हणण्याऐवजी त्यांनी जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक दिली ती गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी. संप बंदुकांनी चिरडला गेला. मालकाला स्वस्त मजूर हवा असतो आणि कामगाराला आपल्याखाली कोणीतरी हवा असतो. या दोन्ही पायांवर वर्णभेद उभा राहतो.

आपल्याकडे हे घडले नाही असे कोणी समजू नये. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक असे. पण धोट्यात कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. अडवणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि तो मागण्यांत घ्यायला लावला. पुढे १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितले की, कामगारांचे शत्रू दोन आहेत : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, हाही खुलासा त्यांनी केला. आमच्या चळवळीने पहिला शत्रू नेहमी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, हे मान्य केले पाहिजे.

सहकार्य चालते कसे?

आता सरकारे एकत्र येऊन प्रत्यक्षात करतात काय? मी त्याचे चार भाग करतो, आणि ते युनियनच्या कामासारखेच आहेत.

पहिला भाग, नियम ठरवणे. १९५८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नोकरीतील भेदभावाविरुद्ध करार केला. त्यात वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय उगम आणि 'सामाजिक उगम' यांवरून भेद करण्यास मनाई आहे. भारताने १९६० मध्ये त्याला मान्यता दिली. १९६५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाविरुद्ध मोठा करार संमत केला. १९६९ पासून तो अमलात आला, आणि आज १८० हून अधिक देश त्याला बांधलेले आहेत. भारताने त्याला १९६८ मध्येच मान्यता दिली होती.

दुसरा भाग, जाब देणे. सही करणाऱ्या सरकारने ठरावीक मुदतीने अहवाल पाठवायचा. अठरा तज्ज्ञांची समिती तो वाचते, सरकारच्या प्रतिनिधीला समोर बसवून प्रश्न विचारते आणि आपले मत छापून प्रसिद्ध करते. तिच्या हाती पोलीस नाही, तुरुंग नाही. मग उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. लेबर इन्स्पेक्टर येणार हे कळले की हजेरीपुस्तक कसे घाईघाईने नीट होते, ते आपण पाहिले आहे. तपासणीला दात नसले तरी डोळे असतात.

तिसरा भाग, तक्रार. कोणत्याही देशातील पीडित माणसाला थेट त्या समितीकडे दाद मागता यावी अशी सोय करारात आहे. पण त्या सरकारने तशी वेगळी मान्यता दिली असेल तरच. भारताने ती दिलेली नाही.

चौथा भाग, बहिष्कार. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली. त्यानंतर जगाचे मन हलले. १९६४ मध्ये कामगार संघटनेने वर्णभेदाविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी बाहेर पडण्याची नोटीस दिली. १९७७ मध्ये सुरक्षा समितीने त्या देशाला शस्त्रे विकण्यास सर्व राष्ट्रांना बंदी केली. खेळाच्या मैदानावरही दारे बंद झाली. १९७४ साली आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका आली. आपण खेळलो नाही. चषक हातचा गेला, पण कोणाशी हात मिळवायचा नाही हे जगाला कळले. १९९४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा हक्क मिळून निवडणूक झाली. हे यश मुख्यतः तेथील जनतेच्या लढ्याचे. बाहेरच्या राष्ट्रांनी केले ते संपाला पाठिंबा देणाऱ्या इतर गिरण्यांनी करावे तसे. पण तो पाठिंबा नसता तर लढा किती लांबला असता, याचाही विचार करावा.

एका शब्दाची गोष्ट

येथवर ऐकताना भारतीय म्हणून छाती फुगते. आता पुढचे ऐका.

१९६५ चा करार लिहिला जात असताना पहिल्या कलमात भेदभावाची व्याख्या ठरत होती. वंश, रंग, राष्ट्रीय किंवा मानववंशीय उगम असे शब्द होते. त्यांत आणखी एक शब्द घालावा अशी दुरुस्ती एका देशाने सुचवली, आणि ती स्वीकारली गेली. तो शब्द म्हणजे जन्मकूळ, म्हणजेच माणूस कोणाच्या पोटी जन्मला ते. सुचवणारा देश होता भारत.

तीस वर्षांनी, १९९६ साली, भारताचा अहवाल त्या समितीपुढे आला. समिती म्हणाली, जन्मकुळात तुमच्याकडील जाती व जमाती येतात, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींची स्थितीही सांगा. आपल्या सरकारचे उत्तर असे की, जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा करार तिला लागू नाही. २००१ साली वर्णभेदविरोधी जागतिक परिषद भरली ती दक्षिण आफ्रिकेत, दर्बान शहरात. गिरमिटियांचे पहिले जहाज १८६० साली जेथे लागले, तेच हे बंदर. भारतातून दलित कार्यकर्ते तेथे गेले आणि जातीचा प्रश्न परिषदेपुढे घेण्याची मागणी त्यांनी केली. सरकारने विरोध केला. परिषदेच्या अंतिम मसुद्यात जातीचा शब्द आला नाही. १९४६ मध्ये स्मट्ससाहेब जे बोलले, त्याच अर्थाचे बोलणे आता आपल्या तोंडी होते.

सरकारच्या बाजूने जे म्हणता येते तेही सांगितले पाहिजे. आपल्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा आणि १९८९ चा असे कडक कायदे आहेत, राखीव जागा आहेत. दक्षिण आफ्रिकेत कायदाच भेद करीत होता, येथे कायदा भेदाच्या विरुद्ध आहे. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हेही खरे. खुद्द बाबासाहेबांनी १९३६ मध्ये हेच प्रतिपादन केले होते. पण त्यामुळे मुद्दा संपत नाही. कारण करारात केवळ 'वंश' लिहिलेला नाही, 'जन्मकूळ' हा शब्द स्वतंत्र आहे, आणि जात जन्मावरून ठरते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २००२ मध्ये समितीने जन्मकुळाच्या अर्थात जात येते, असा सर्व देशांसाठी खुलासा केला. कामगार संघटनेचे तज्ज्ञ तर नोकरीच्या करारातील 'सामाजिक उगम' या शब्दांखाली जातीबद्दल आणि हाताने मैला साफ करण्याच्या कामाबद्दल भारत सरकारला वारंवार विचारीत आले आहेत. ते काम बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. घरच्या घरी सारे ठीक चालले असते, तर दुसऱ्या कायद्याची गरज का पडली असती?

बाबासाहेबांना जगाचा हा दरवाजा फार आधी दिसला होता. १९४६ मध्ये अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी आपल्या चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर बल्लारपुराहूनही माणसे गेली असतील. ज्यांच्या घरात त्या दिवसाची आठवण आहे, त्यांना जन्मकूळ या शब्दाचा अर्थ कोणत्याही समितीने समजावून देण्याची गरज नाही.

आपल्या जंगलापर्यंत

जिनिव्हात झालेली सही गडचिरोलीच्या जंगलात कशी पोहोचते, याचे एक उदाहरण देतो. १९५७ साली कामगार संघटनेने आदिवासींविषयी करार केला. आदिवासी ज्या जमिनीवर परंपरेने राहत आले तिच्यावर त्यांची मालकी मानावी, असे त्यात होते. भारताने १९५८ मध्येच त्याला मान्यता दिली. मात्र येथे बांबू सरकारचा राहिला, तोडणारा गोंड-माडिया मजूर राहिला, आणि तो बांबू कागदासाठी बाहेर गेला. वनहक्क कायदा झाला २००६ मध्ये, म्हणजे सहीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हे जिनिव्हाने दिले नाही. गावाने बरीच वर्षे एकजुटीने झगडून घेतले. परंतु हक्क मागताना 'तुम्हीच १९५८ मध्ये कबूल केले आहे' असे म्हणायला आधार होता, याची किंमत कमी नाही.

आपल्या हाती काय?

अशा वेळी श्रोते विचारतात की, मोठ्या राष्ट्रांच्या या गोष्टींत बल्लारपूरच्या माणसाने करायचे काय? मी तीन गोष्टी सांगतो.

एक, जे कबूल झाले आहे ते वाचावे. कारखान्याचा करार कामगाराने वाचला नाही, तर मुकादम सांगेल तोच करार ठरतो. राष्ट्रांच्या करारांचेही तसेच आहे. सोप्या मराठीत ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि शाळेत असले पाहिजेत.

दोन, पुरावा ठेवावा. आपल्या सरकारने कामगार संघटनेकडे अहवाल पाठवला की त्याची प्रत प्रातिनिधिक कामगार संघटनांना द्यावी लागते, आणि त्यांना त्यावर आपले म्हणणे पाठवता येते. पण म्हणणे म्हणजे घोषणा नव्हे. कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, कोणाला कोणते काम नाकारले, ठेक्यावरच्या सफाई कामगारांत कोणत्या समाजाची माणसे किती, त्यांना मजुरी किती, हे लिहून ठेवावे लागते. मी ज्या कामाच्या ठिकाणी पूर्वी जात असे, तेथे कायम कामगारांसाठी पाण्याचा नळ होता आणि सफाईच्या ठेका कामगारांना पलीकडे एक पिंप ठेवलेले असे. नियमात असे कोठेही लिहिले नव्हते. विचारले तर 'सोय म्हणून' हे उत्तर मिळे. आम्ही महिनाभर रोज तारीखवार नोंद केली, ती साहेबांच्या टेबलावर ठेवली, आणि पिंप हलले. मोठे कायदे अशा बारीक नोंदींवरच चालतात.

तीन, आणि हे सर्वांत अवघड. आपल्या घरी जो प्रश्न विचारला जाईल, त्याचे उत्तर द्यायला तयार असावे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाला रंगावरून कोणी हिणवले तर आपल्याला संताप येतो, आणि यावाच. पण तेथे आपलीच माणसे आपल्याच माणसांची जात विचारू लागली, म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध नियम करावा लागला. आपण बोट दाखवू तेव्हा आपल्याकडेही पाहिले जाणार, हे गृहीत धरूनच सहकार्याला उतरावे लागते.

१९४६ मध्ये भारताने जगाला पटवून दिले की, माणसाचा अपमान ही कोणाच्याही घरची खासगी बाब नाही. आपण स्वतः मिळवलेला तो निवाडा आहे, आणि तो आपल्यालाही लागू होतो. तुमच्या गल्लीतल्या, तुमच्या पाळीवरच्या सफाई कामगाराला नळाचे पाणी मिळते की पिंपातले, हे उद्या कामावर जाल तेव्हा पाहा. तेथून सुरुवात करता येईल.